संध्याकाळी पाच वाजता उघडणारा बिस्किटांचा डबा

दिवस लहान झाले की या सदरात येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी तुम्ही वजनाबद्दल विचारता, साखरेबद्दल, कोलेस्टेरॉलबद्दल. आता जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य असतंच: "ताई, मन जरा टवटवीत राहील असं काहीतरी खायला सांगा." रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून मी २६ वर्षं काम केलं, आणि हिवाळ्याचे दोन-अडीच महिने मला स्वतःलाही जड जातात. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवणं हेच मोठं काम वाटतं. त्यामुळे तुमची मरगळ मला पुस्तकातून समजावून घ्यावी लागत नाही. या वेळी सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्याला आणि शेवटच्याला जागा जास्त दिली आहे, कारण तसेच प्रश्न आणखी बऱ्याच जणांनी विचारलेत.

ताई, मी ३८ वर्षांची, हिशेबाचं काम करते. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाहेर अंधारायला लागलं की माझा हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. बिस्किटं, मग केक, घरी गेल्यावर ब्रेड. थांबताच येत नाही. उन्हाळ्यात असं अजिबात होत नाही. वजन वाढू नये म्हणून दुपारी फक्त काकडी-टोमॅटो आणि एखादं फळ खाते. घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. मलाही तसंच वाटायला लागलंय.

तुमच्या जिभेचा यात काही दोष नाही, हे आधी घरच्यांना वाचून दाखवा.

१९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यात त्यांना एक वेगळी गोष्ट दिसली. नैराश्यात पुष्कळदा माणसाची अन्नावरची वासना उडते, झोप जाते. या हिवाळी प्रकारात मात्र उलट घडत होतं. माणसं जास्त झोपत होती, जास्त खात होती, आणि ओढ नेमकी गोड आणि पिष्टमय पदार्थांची होती. तुम्हाला तो आजारच आहे असं मी म्हणत नाही. पण तुमची पाच वाजताची ओढ ही अनेकांच्या शरीराची हिवाळ्यातली ओळखीची खोड आहे.

ती का असावी, याचा एक धागा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या रिचर्ड आणि जुडिथ वुर्टमन या दांपत्यानं उलगडून दाखवला. मन स्थिर ठेवण्यात वाटा असलेलं सेरोटोनिन मेंदू स्वतःच बनवतो आणि त्यासाठी त्याला ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल लागतं. ते अन्नातल्या प्रथिनांतून येतं, पण मेंदूत शिरायच्या दारावर त्याला इतर अमिनो आम्लांशी झटापट करावी लागते, आणि त्या गर्दीत ते संख्येनं कमी असतं. पिष्टमय पदार्थ खाल्ले की इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांना स्नायूंकडे वळवतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. म्हणजे बिस्किटं खाल्ल्यावर थोड्या वेळानं जे हायसं वाटतं, त्यामागे शरीराचं काही गणित असू शकतं. पण हे गणित नाजूक आहे. त्याच खाण्यात थोडीशी प्रथिनं असली तरी हा परिणाम बराचसा पुसला जातो. त्यामुळे या एका धाग्यावर मी तुमचा अख्खा आहार बेतणार नाही.

मला तुमच्या पत्रातलं खरं दुखणं दुसरीकडे दिसतं. दुपारचं जेवण तुम्ही एका ओळीत उरकलंत: काकडी-टोमॅटो आणि एक फळ. हे जेवण नव्हे. दुपारी साडेबारापासून पाचपर्यंत शरीराला जवळजवळ काहीच मिळालेलं नाही, त्यात बाहेर अंधार, समोर हिशेबाचे आकडे. अशा वेळी शरीर साखर मागणारच. अपुऱ्या खाण्यानं मन कसं ढासळतं हे मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये फार स्पष्टपणे दिसलं होतं. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी राहिले. ते चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले आणि दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही येईना. कारण एकच, पोट भरत नव्हतं. तुमची उपासमार तेवढी नाही, हे खरं. पण दिशा तीच आहे.

तेव्हा हिवाळाभर वजन कमी करण्याचा हट्ट बाजूला ठेवा. दुपारी पोटभर जेवा: पॉलिश न केलेलं, कोंड्यासकट धान्य, त्यासोबत डाळ किंवा मोड आलेली कडधान्यं किंवा अंडी किंवा मासे, आणि तुमची काकडी-टोमॅटोही. चार वाजता, ओढ लागण्याआधी, ठरवून काहीतरी खा. मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड आणि एक फळ. नाहीतर उकडलेलं अंडं आणि ब्रेडचा तुकडा. ब्रेड मी मुद्दाम लिहिला आहे. पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद केलेत तर रात्री त्यांचं उट्टं निघेल, हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. पाच वाजता दोन बिस्किटं खावीशी वाटलीच, तर बशीत काढून, बसून, चव घेत खा. डबा मांडीवर घेऊन नको.

आणि दुपारचं जेवण झालं की २० मिनिटं बाहेर पडा. कार्यालयातल्या दिव्यांचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो (लक्स हे उजेड मोजायचं माप). बाहेर ढगाळ हवा असली तरी तो हजाराच्या पुढे जातो. हिवाळी नैराश्यावर जी प्रकाशपेटी वापरतात ती १०,००० लक्सची असते आणि सकाळी अर्धा तास तिच्यासमोर बसायचं असतं. उजेड ताटात वाढता येत नाही, पण तो मिळाला नाही तर ताट एकटं पुरं पडत नाही.

ताई, मी होस्टेलवर राहतो. केळ्यात सेरोटोनिन असतं असं वाचलं, म्हणून रोज चार केळी आणि डार्क चॉकलेट खातो. खरंच फायदा होतो का?

केळ्यात सेरोटोनिन असतं हे बरोबर आहे. पण ते रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही. तुझ्या शरीरातलंही ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यातच असतं आणि ते तिथलीच कामं करतं. चॉकलेटमधल्या ज्या फेनिलइथिलअमाइनला 'प्रेमाचं रसायन' म्हणून मिरवतात, तेही मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी बहुतेक मोडून जातं.

केळं तरीही चांगलंच. पोट भरतं, साल काढली की तयार, आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढं पुरेसं कारण आहे. चार ऐवजी दोन खा आणि उरलेल्या दोनांच्या जागी दही, दाणे किंवा अंडी येऊ देत. चॉकलेट आवडतं म्हणून खा, दोन-तीन चौकोन. रात्री उशिरा नको, त्यात थोडं कॅफिन असतं. तू सकाळचा नाश्ता करतोस की नाही हे लिहिलेलं नाहीस. करत नसशील तर पहिली सुधारणा तिथे कर.

मी ५४ वर्षांची, शाकाहारी. हिवाळ्यात फार निरुत्साह असतो. मैत्रिणीनं ड जीवनसत्त्वाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या सुचवल्या. गोळ्यांपेक्षा अन्नातून मिळालं तर बरं वाटेल. काय करू?

तुमच्या मैत्रिणीची कळकळ कळते, पण या गोळ्यांची मोठी परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ५० वर्षांवरच्या १८,००० हून अधिक लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ पाहिलं गेलं. काहींना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, काहींना औषध नसलेली तशीच गोळी. २०२० मध्ये निष्कर्ष आले: नैराश्य टाळण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. माशाच्या तेलानंही नैराश्य टळलं नाही, हे पुढच्या वर्षी दिसलं. पण ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व खरोखरच कमी आहे त्यांनी ते घेऊच नये, असा याचा अर्थ काढू नका. ते कमी पडलं की हाडं आणि स्नायू दुखतात, थकवा येतो, आणि अंग ठणकत असताना मन कसं हसरं राहणार? म्हणून आधी रक्त तपासा, मग डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं, मनानं मात्रा वाढवायची नाही.

अन्नातून ते थोड्याच ठिकाणी मिळतं: बांगडा, तारली, साल्मन यांसारखे तेलकट मासे, अंड्यातला बलक, आणि ज्यात ते मुद्दाम मिसळलं आहे असं दूध. शाकाहारी माणसासाठी एक गमतीचा स्रोत आहे, मशरूम. आपल्या त्वचेसारखंच मशरूमही उन्हातल्या अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व बनवतं. चिरलेली मशरूम कडक उन्हात पंधरा-वीस मिनिटं ठेवली तरी त्यांच्यातलं प्रमाण वाढतं. मात्र ऊन थेट हवं, काचेतून नको, कारण खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. आणि जिथे सूर्य हिवाळ्यात फार खाली असतो तिथे उन्हातही ते किरण पुरेसे नसतात. बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्वचेत ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, असं १९८८ मध्ये दाखवलं गेलं.

मासे न खाणाऱ्यांनी अक्रोड आणि जवस खावं, पण त्यांतलं ओमेगा-३ वेगळ्या रूपात असतं आणि शरीर त्याचा थोडाच भाग माशांतल्या रूपात बदलू शकतं. शैवालापासून काढलेलं तेल हा शाकाहारी पर्याय आहे.

मला तुमच्याबाबतीत खरी काळजी बी-१२ ची वाटते. ते नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज अन्नात असतं. दूध-दही पुरेसं घेत नसाल, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं गोळ्या चालू असतील, तर ते हळूहळू कमी होत जातं. हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा, खिन्न मन. माणूस 'हवामानामुळे असेल' म्हणून दोन-दोन हिवाळे काढतो. गरज दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, पण ती चुकली तर नसा दुखावतात. ड सोबत बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदमच तपासून घ्या. लोह कमी निघालं तर पालेभाजी आणि कडधान्यांवर लिंबू पिळा, आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासाभरानं घ्या. चहातले टॅनिन वनस्पतींतलं लोह शोषू देत नाहीत.

मी वर्षभर नैराश्याच्या गोळ्या घेत आहे. बऱ्यापैकी बरं आहे. आहार नीट केला तर गोळ्या बंद करता येतील का?

स्वतःच्या मनानं बंद करू नका. ही विनंती मी हात जोडून करते आहे. बऱ्यापैकी बरं वाटतंय त्यात त्या गोळ्यांचा वाटा आहे, आणि त्या अचानक थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होऊन आजार उलटू शकतो. कधी आणि कशा कमी करायच्या हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

पण आहाराचा उपयोग नाही असंही मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेली ६७ माणसं. निम्म्यांना आहारतज्ज्ञाच्या भेटी मिळाल्या, निम्म्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत. १२ आठवड्यांनी आहाराच्या गटातले सुमारे ३२ टक्के लोक नैराश्याच्या रेषेबाहेर आले होते, सोबतीच्या गटातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे आणि आपण कोणत्या गटात आहोत हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून आकडा जपून वापरायला हवा. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बहुतेक जणांचे नेहमीचे उपचार चालूच होते. आणि जे खायला सांगितलं ते साधं होतं: कोंड्यासकट धान्य, भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे, मासे, ऑलिव्ह तेल. तळलेलं, गोड आणि कारखान्यातून पाकीटबंद येणारं कमी. एकही जादूचा पदार्थ नाही.

काही पथ्यं मात्र पाळा. सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीचा चहा किंवा कॅप्सूल 'नैसर्गिक' म्हणून घेऊ नका, नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ती धोकादायक ठरू शकते. ग्रेपफ्रूट काही औषधांची रक्तातली पातळी वाढवतं. तुमचं औषध एमएओ इनहिबिटर या गटातलं असेल तर मुरलेलं चीज आणि आंबवून टिकवलेलं मांस वर्ज्य, रक्तदाब एकदम भडकतो. लिथियम घेत असाल तर मीठ आणि पाणी अचानक कमी-जास्त करू नका.

आणि कधी जगूच नये असं मनात आलं, तर पुढच्या भेटीची तारीख पाहत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

दिवसाला सहा कप कॉफी होते. तिच्याशिवाय हिवाळ्यात डोळेच उघडत नाहीत.

सकाळच्या दोन कपांना माझी हरकत नाही. दुपारी दोननंतरचे सगळे काढा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं, कुणाकुणात त्याहून जास्त. संध्याकाळी सातच्या कपातलं निम्मं मध्यरात्री तुमच्यासोबत जागं असतं, झोप पातळ होते आणि सकाळी पुन्हा कॉफी लागते. एकदम सोडलीत तर डोकं ठणकेल, म्हणून दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. रात्री उबेसाठी दारू घेण्याबद्दलही दोघा-तिघांनी विचारलंय. ती झोप आणते आणि उत्तररात्री मोडते, शिवाय उदास मनाला आणखी खाली नेते. नकोच.

ताई, बाबा ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्या वर्षी गेली. ते एकटे राहतात, मी दुसऱ्या शहरात. हा आईशिवायचा त्यांचा पहिला हिवाळा. रात्री फक्त चहा आणि टोस्ट खातात. म्हणतात, 'भूकच नसते.' कपडे ढगळ व्हायला लागलेत. त्यांचं मन रमेल असं काय करून पाठवू?

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

रुग्णालयात मी असताना एक निवृत्त गृहस्थ वॉर्डात होते. पत्नी गेल्यानंतर त्यांचं खाणं तुटलं होतं. ताट जसंच्या तसं परत यायचं. मी तीनदा पदार्थ बदलले, मीठ-मसाला बदलला, वाट्या लहान केल्या. काही फरक नाही. एका दुपारी मला जेवायला उशीर झाला, म्हणून मी त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून माझा डबा उघडला. काही बोललेही नाही. थोड्या वेळानं त्यांनी चमचा उचलला आणि अर्धं ताट संपवलं. त्यानंतर आम्ही चालता येणाऱ्या चार रुग्णांना खिडकीजवळच्या एका टेबलावर एकत्र जेवायला बसवू लागलो. माणसं सोबतीत जास्त खातात हे अभ्यासांतही वारंवार दिसलं आहे, पण मला ते त्या खुर्चीत बसून कळलं.

म्हणून काय पाठवायचं याआधी, ते कुणासोबत खातील याचा विचार करा. रोज रात्री आठला तुम्ही तुमचं ताट घेऊन फोनवर व्हिडिओ लावून बसा. 'जेवलात का?' असं विचारू नका, नुसतं जेवा. कुणा शेजाऱ्याकडे किंवा त्यांच्या मित्राकडे आठवड्यातून दोनदा दुपारचं जेवण ठरलं तर फारच छान.

रात्रीच्या चहा-टोस्टशी भांडू नका. टोस्टवर अंडं किंवा शेंगदाण्याचं लोणी येऊ दे, चहाच्या जागी कधी गरम दूध. मोठं ताट पाहूनच त्यांची भूक मरत असेल, म्हणून दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं. मसूर आणि भाज्यांचं दाट सूप एकेका वाटीचं गोठवून पाठवा, वरून चमचाभर तेल किंवा लोणी. ओट्स दुधात शिजवून त्यात दुधाची पावडर आणि अक्रोडाची पूड. ढोबळ अंदाजानं सांगते, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. चहा-टोस्टमध्ये त्याचा थोडासाच भाग असतो. सकाळी भूक जरा बरी असते, तेव्हा दिवसातलं सगळ्यात भरीव खाणं तेच असू दे, आणि ते उजेडाच्या खिडकीशी बसून.

आणि हे दुःखामुळेच आहे असं धरून चालू नका. वाढत्या वयात काहींच्या जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ नीट सुटून येत नाही. कवळी सैल होते, चव बदलते, एखादं औषध भूक मारतं. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी उतरलं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. या आठवड्यात जाऊन त्यांचं वजन करा, सगळ्या औषधांची यादी सोबत घ्या, दात तपासून घ्या.

आईच्या हातचं त्यांना काय आवडायचं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते त्यांनाच विचारा आणि कसं करायचं तेही त्यांनाच सांगायला लावा. फोन समोर ठेवून तुम्ही करा, ते बघतील, चुका काढतील. मग तोच पदार्थ त्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरात करायचा, थोडाच, एका वाटीपुरता. महिन्याभरानं त्यांचं वजन मला कळवा, आणि कोणता पदार्थ केलात तेही.